वाचवलेला साप: आधी ओळख, मग आहार

संगमनेर तालुक्यात साप वर्षभर दिसतात आणि पावसाळ्यात अधिकच दिसतात. प्रवरा आणि म्हाळुंगीचा संगम, ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे, त्या पाण्यावरचा ऊस, शेततळी, डाळिंबाच्या बागा, गोठे आणि गोठ्यालगत रचलेला चारा, असा हा परिसर आहे. उंदीर, बेडूक, पाली, मासे यांना लागते ते सगळे इथे आहे, म्हणून सापांनाही इथे जागा आहे.

एकेकाळी साप निघाला की काठीच निघायची. आज सर्पमित्राला फोन जातो. महाराष्ट्रात हा बदल घडवण्यात पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांच्यासारख्या माणसांचा मोठा वाटा आहे. साप विनाकारण चावत नाही हे दाखवण्यासाठी १९८० साली ते ७२ सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. शाळेच्या सहलीत तिथे गेलेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांची सापाविषयीची भीती थोडी कमी झाली.

साप मारायचा नाही, हे आता बऱ्याच जणांना पटले आहे. मात्र वाचवल्यानंतर त्याचे काय करायचे, याबाबत गोंधळ कायम आहे. विहिरीतून काढलेला किंवा मांजराच्या तोंडातून सोडवलेला साप प्लास्टिकच्या बरणीत येतो आणि घरात चर्चा सुरू होते. कोणी वाटीभर दूध आणते, कोणी अंडे फोडते, कोणी चिकनचा तुकडा टाकते. साप लहान, पट्ट्यापट्ट्यांचा आणि गरीब दिसला, तर ‘राहू द्या की, पाळू’ असेही कोणी म्हणते. सापाची ओळख, त्याचा आहार, बंदिवासातील काळजी आणि कायदा हे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांचा एकत्रित विचार इथे केला आहे.

गार्टर साप आणि आपली नानेटी

साप पाळण्याविषयी इंटरनेटवर शोधले की गार्टर सापाचे नाव हमखास पुढे येते. हा उत्तर अमेरिकेचा साप. गडद अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत साधारणपणे तीन फिकट पट्टे, एक पाठीच्या मध्यावर आणि एकेक दोन्ही बाजूंना. कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो उन्हाळ्यात परसातल्या गवतात दिसतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचे ठिकाण आहे. तिथे चुनखडीच्या कपारींत हिवाळा काढलेले हजारो गार्टर साप वसंतात एकाच वेळी बाहेर येतात आणि लोक ते पाहायला दूरवरून जातात. हा साप अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. गांडुळे, गोगलगायी, बेडूक, मासे आणि क्वचित उंदराची पिल्ले हा त्याचा आहार. आकाराने लहान आणि खाण्यात फारशी खळखळ न करणारा असल्यामुळे तिकडे तो हौसेने पाळला जातो.

संगमनेरच्या रानात गार्टर नाही, पण त्याच उपकुळातले तीन साप आपल्याकडे आहेत: नानेटी, दिवड आणि गवत्या. दिसण्यात गार्टरच्या सर्वांत जवळची नानेटी. साधारण दीड फुटाची, तपकिरी अंगाची, पाठीच्या दोन्ही कडांनी शेपटीपर्यंत जाणारे दोन पिवळसर पट्टे, आणि अंगाच्या पुढच्या भागात त्या पट्ट्यांना छेदणारे काळे ठिपके किंवा आडव्या रेघा. खवल्यांवर मधोमध बारीक कणा असल्यामुळे अंग खरखरीत दिसते. नानेटी दिवसा वावरते, भातखाचर, ओढा, कालव्याचा काठ अशा ओलसर जागी सापडते आणि चावायला सहसा तयार नसते. घाबरली की मान चपटी करते आणि दोन खवल्यांमधली रंगीत कातडी दिसू लागते.

गार्टरसंबंधीची माहिती वाचून कोणी नानेटी पाळायला निघाला, तर तो दोन ठिकाणी चुकतो. गार्टर पिंजऱ्यात मेलेला मासा सहज स्वीकारतो. नानेटीला मात्र मुख्यतः जिवंत बेडूक लागतात आणि कोंडल्यावर ती बहुधा खाणेच सोडते. दुसरी चूक कायद्याची आहे. त्याकडे पुढे येऊ.

ओळखीच्या खुणा आणि फसव्या खुणा

सापाची ओळख आहाराच्याही आधी येते, कारण ती चुकली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. माणसाला मारणाऱ्या दंशांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चौघे आघाडीवर आहेत. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासाने मांडला. त्यातले बहुसंख्य बळी खेड्यांतले होते.

‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी’ हा नियम गावोगाव सांगितला जातो. तो धोक्याचा आहे. नाग आणि मण्यार यांचे डोके त्रिकोणी नसते. उलट मांजऱ्या सापाचे डोके मानेपेक्षा स्पष्ट रुंद असते आणि त्याचे सौम्य विष माणसाला घातक नसते. रंगावर विसंबणेही चूक, कारण एकाच जातीच्या सापांत रंगाची बरीच तफावत असते. कात टाकण्याच्या आधी तर सगळेच साप मळकट दिसतात.

आपल्या भागात ज्या जोड्यांत फसगत होते, त्या प्रत्येक घराला माहीत हव्यात.

कवड्या आणि मण्यार ही पहिली जोडी. दोन्ही गडद, दोन्हींवर पांढरे आडवे पट्टे, दोन्ही रात्री घरात शिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात, तिथे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा बारीक जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. तिच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. मात्र या खुणा फोटोत किंवा दुरून पाहायच्या. साप हातात घेऊन खवले तपासायला जाऊ नये.

दुसरी जोडी घोणस आणि अजगराचे पिल्लू, त्यात तिसरी भर डुरक्या घोणसाची. घोणसाच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि चिडल्यावर तो कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांबलेला फुत्कार टाकते. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे असतात, एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपटी आखूड, बोथट असते. ‘अजगराचे पिल्लू’ समजून घोणस उचलणे ही जिवावर बेतणारी चूक आहे.

तिसरी जोडी दिवड आणि नाग. दिवडीला आपल्याकडे विरोळाही म्हणतात. पाण्याजवळचा हा साप चिडला की अंग उचलतो, मान पसरतो, आणि लोक त्याला नाग समजून ठेचतात. दिवडीच्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन असतात आणि डोळ्यापासून मागे-खाली जाणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेघा असतात. तो तापट आहे, चावतो, पण बिनविषारी आहे.

धामणीलाही नाग समजले जाते. सात-आठ फुटांपर्यंत वाढणाऱ्या या सापाच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा स्पष्ट दिसतात. उसाच्या फडातले उंदीर खाणारा इतका कामाचा साप दुसरा नाही, आणि माणसाच्या गैरसमजाने मरणाऱ्या सापांत त्याचा क्रम वरचा आहे.

शंका असेल तेव्हा साप विषारीच समजावा, अंतर राखून फोटो काढावा आणि जाणकाराला दाखवावा. ओळखीसाठी सापाला हात लावण्याची गरज नसते.

कोण काय खातो

सगळ्या सापांचे खाणे सारखे असते, हा मोठा गैरसमज आहे. खाण्याच्या बाबतीत साप फार चोखंदळ असतात.

धामण, तस्कर आणि मांडूळ यांचा भर उंदरांवर असतो. धामणीला बेडूक आणि भेकही चालतात. कवड्या आणि मांजऱ्या पाली, सरडे, सापसुरळ्या खातात. दिवड मासे आणि बेडूक खाते. नानेटी बेडूक आणि लहान भेक खाते. हिरवाकंच गवत्या तर जवळजवळ भेकांवरच जगतो. भेकाच्या कातडीतले विष इतर अनेक प्राण्यांना सोसत नाही, गवत्याला मात्र ते पचते. मण्यार दुसऱ्या सापांना खाते. फुरसे विंचू, गोम असले जीवही खाते. कुकरी साप सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांवर ताव मारतो. गांडुळासारखा दिसणारा इवलासा वाळा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी व अळ्या खातो.

म्हणजे कवड्यापुढे उंदीर ठेवला, नानेटीपुढे अंडे ठेवले किंवा वाळ्यापुढे पाल ठेवली, तर साप उपाशीच राहणार. ‘चार दिवस झाले, काहीच खात नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा चुकीची ओळख असते. उरलेल्या वेळा भीती असते. पकडलेला, हाताळलेला, काचेतून सतत न्याहाळला जाणारा साप समोर आवडीचे भक्ष्य असूनही तोंड लावत नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांतही तो खात नाही. थंडीत शरीर गार पडले की पचन मंदावते आणि भूक मरते.

दूध, अंडे आणि चिकनचा तुकडा

संगमनेर हा दुधाचा तालुका. इथे गावोगाव दूध संकलन केंद्रे आहेत आणि त्याच गावांत ‘धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते’ हे आजही ठामपणे सांगितले जाते. सापाला चोखता येतील असे ओठ आणि गाल नसतात, त्यामुळे त्याला सडातून दूध ओढता येत नाही. त्याचे दात आत वळलेले आणि सुईसारखे टोकदार असतात. त्यांनी सड धरले तर म्हैस गोठा डोक्यावर घेईल. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी.

मग नागपंचमीला नाग दूध पिताना दिसतो, ते काय असते? गारुडी त्याला बरेच दिवस पाण्याविना ठेवतो. तहानेने कासावीस झालेला प्राणी समोर येईल तो द्रव पितो. दूध हे सापाचे अन्न नाही. ते त्याला पचत नाही, आणि जबरदस्तीने पाजले तर श्वासनलिकेत जाऊन जीव घेते. खेळासाठी दात उपटलेल्या किंवा तोंड शिवलेल्या सापाच्या तोंडात जखमा चिघळतात आणि तो काही आठवड्यांत मरतो. पूजा करायची तर वारुळाची करावी, चित्राची करावी, मातीच्या नागाची करावी. महाराष्ट्रात ही पद्धत जुनी आहे.

अंडे आणि चिकनचेही असेच. साप भक्ष्य सबंध गिळतो, तोडून किंवा चावून खात नाही. उंदीर, मासा किंवा बेडूक सबंध गिळला की त्यातल्या हाडांतून कॅल्शियम मिळते, यकृतातून जीवनसत्त्वे मिळतात. सोललेल्या मांसाच्या तुकड्यात यातले काहीच पुरेसे नसते. हाडांविना मांसावर ठेवलेल्या सापाची हाडे ठिसूळ होतात. मसाला लावलेले, शिजवलेले किंवा खारवलेले काहीही सापाला देऊ नये.

बंदिवासात खाऊ घालावेच लागले तर

बहुतेक वाचवलेल्या सापांना खाऊ घालण्याची गरज नसते. निरोगी साप काही दिवस, मोठा साप काही आठवडेही सहज उपाशी राहू शकतो. त्याला काही तासांत किंवा एका दिवसात सोडायचे असेल तर पोटात अन्न नसलेलेच बरे. भरल्या पोटी हाताळलेला साप गिळलेले उलटून टाकतो आणि त्यात त्याची ताकद जाते.

जखमी सापाची गोष्ट वेगळी. ऊसतोडणीत कोयता लागलेला, जेसीबीच्या दातात सापडलेला, बागेच्या नायलॉन जाळीत अडकून अंग कापलेला, असे साप उपचारासाठी आठवडेच्या आठवडे ठेवावे लागतात. हे काम वनविभागाच्या देखरेखीखाली, पशुवैद्यकाच्या हातून व्हायला हवे. पुण्यात बावधनला वनविभागासोबत चालणारे रेस्क्यू संस्थेचे उपचार केंद्र आहे. तिथे आणि प्राणिसंग्रहालयांत पाळली जाणारी तत्त्वे सर्पमित्रांनाही ठाऊक असावीत.

आधी पाणी, मग अन्न. सुकलेल्या सापाला उथळ भांड्यात स्वच्छ पाणी द्यावे. खाणे दिलेच तर पहिला घास लहान असावा. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जास्त नसावी. जिवंत उंदीर सापासोबत सोडून देऊ नये, कारण अशक्त सापाला तो कुरतडतो. उंदीर खाणाऱ्या मोठ्या सापाला आठवडा-दोन आठवड्यांनी एकदा पुरते. मासे-बेडूक खाणाऱ्या लहान सापाचे पचन वेगवान असते, त्याला आठवड्यातून एक-दोनदा लागते, पिल्लांना त्याहून लवकर. खाल्ल्यानंतर दोन दिवस हात लावू नये आणि ऊब राहू द्यावी. तोंड उघडून घास कोंबण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये.

मासे देण्यात एक छुपा धोका आहे आणि तो गार्टर पाळणाऱ्यांनी अनुभवातून ओळखला. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. असे मासे महिनोन्महिने खाल्लेला साप एके दिवशी थरथरू लागतो, त्याला झटके येतात आणि उलटा झाला तर सरळ होता येत नाही. मासा बर्फात गोठवल्याने हे विकर जात नाही. म्हणून एकाच जातीचा मासा सतत न देणे, तिलापियासारखे हे विकर नसलेले मासे निवडणे आणि आहारात विविधता ठेवणे हे उपाय आहेत. दीर्घकाळ उपचाराखाली असलेल्या दिवडीबाबतही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा धोका गांडुळांचा. गार्टरला बागेतली गांडुळे चालतात, पण गांडूळखताच्या बेडमधली लालसर, पट्टेदार गांडुळे चालत नाहीत. आयसेनिया फेटिडा ही ती जात. डिवचल्यावर ती पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते आणि त्यातले घटक पृष्ठवंशीय प्राण्यांना अपायकारक असतात. आपल्याकडे शेतोशेती गांडूळखताचे बेड आहेत. सापाला द्यायला सोपे खाद्य म्हणून त्यात हात घालू नये.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आपल्या रानातल्या सापांना त्याचे संरक्षण आहे. साप मारणे तर गुन्हा आहेच, पण कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे पकडणेसुद्धा येते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणेही येते. म्हणून नानेटी कितीही गरीब असली तरी ती पाळता येत नाही. वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. तो कोणत्याही कारणाने ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढले. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षे कैद आहे. मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणून, गुप्तधनाच्या नावाने लाखोंना विकणाऱ्या टोळ्या याच कायद्याखाली पकडल्या जातात.

विदेशी सापांना वेगळे नियम आहेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२० मध्ये विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती जाहीर करायला सांगितले. पुढे वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या प्रजातींसाठी २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली. कोणाच्या घरातून सुटलेला किंवा सोडून दिलेला परदेशी साप सापडला, तर तो प्रवरेकाठी सोडायचा नाही. बाहेरचा प्राणी इथल्या बेडकांवर, माशांवर आणि सापांवर रोग आणू शकतो. तो वनविभागाकडेच द्यावा.

संगमनेरकरांनी काय करावे

घरात किंवा शेतात साप दिसला तर त्याच्यावर दुरून नजर ठेवा, मुले आणि कुत्री-मांजरे बाजूला घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर किंवा ओळखीच्या अनुभवी सर्पमित्राला फोन करा. पकडलेला साप हवेशीर कापडी पिशवीत, अंधारात, शांत जागी ठेवला जावा. त्याचे प्रदर्शन होऊ नये, गळ्यात घालून फोटो काढू नयेत. मग नोंद करून तो सापडला त्याच परिसरात सोडला जावा. दहा गावे ओलांडून डोंगरात नेऊन सोडलेल्या सापाला तिथले पाणी, आसरा, भक्ष्य काहीच माहीत नसते. असे साप बहुधा जगत नाहीत.

दंश झालाच तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. दंशाचा हात किंवा पाय न हलवता रुग्णाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. मण्यारीचा दंश रात्री, झोपेत होतो आणि दुखतही नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर मण्यार चावली असावी असे समजूनच धावा. संगमनेरवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचे रुग्ण वेळेत आले तर वाचतात, हे वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे.

सर्पमित्रांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि विमा मिळावा ही मागणी राज्यात जुनी आहे आणि ती रास्त आहे. तिच्या जोडीने तालुक्यात कोणते साप, कोणत्या महिन्यात, कुठे सापडले याची सार्वजनिक नोंदवही हवी. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचे शिक्षण मिळालेला पशुवैद्यक प्रत्येक तालुक्यात हवा. सर्पमित्रांच्या प्रशिक्षणात साप पकडण्याइतकाच वेळ ओळखीला आणि आहाराला द्यायला हवा.

सापाला आपल्या वाटीतले काही नको असते. त्याला त्याचा ओढा, त्याचा बांध आणि तिथले बेडूक-उंदीर हवे असतात. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे: साप वाचवलात, फार चांगले केलेत. आता दुधाची वाटी बाजूला ठेवा, १९२६ वर फोन लावा आणि तो ज्या बांधावर सापडला त्याच बांधावर परत जाईल याची खात्री करा.